क्रूसाजवळच्या शिपायांचा पोशाख



प्रायश्चित्तकाळ सुरू झाला की आपल्या युवक मंडळाला दुःखसहनाच्या नाट्याचे वेध लागतात. येशू कोण होणार, पिलात कोण होणार हे लवकर ठरते. घोडे अडते ते शिपायांपाशी. आजवरची पद्धत अशी, की ड्रेसवाल्याकडून सहा-आठ पोशाख भाड्याने आणायचे. सोनेरी रंग मारलेला छातीचा पत्रा, पाठीवर लालभडक झूल, डोक्यावर ब्रशासारखा उभा तुरा आणि दोन्ही मनगटांना चामड्याचे रुंद पट्टे. यंदा मंडळातील काही तरुणांनी वेगळा विचार मांडला. भाड्याचे पैसे दरवर्षी जातात, त्यापेक्षा त्या काळच्या शिपायाचा खरा पोशाख कसा होता याचा अभ्यास करून आपणच तो तयार करू या, असे ते म्हणाले. त्यावर काही ज्येष्ठांनी आम्हाला विचारले, "फादर, भक्ती महत्त्वाची की पत्रे?"

प्रश्न रास्त आहे. पत्र्यांवर पैसा उधळून कोणाचे तारण होत नाही. पण या तरुणांबरोबर बसून अभ्यास करताना आमचे मत असे झाले, की पोशाखाचा शोध नीट घेतला तर क्रूसाखाली उभी असलेली माणसे कोण होती हे कळते. ते कळल्यावर शुभवर्तमानातील दुःखसहनाची कथा आपण वेगळ्या कानांनी ऐकतो. म्हणून या रविवारी नेहमीच्या पाठाऐवजी हा विषय घेतला आहे.

जुना पोशाख पुन्हा कसा उभा करतात

रोमन शिपायाचा पोशाख अगदी हुबेहूब बनवून तो अंगावर घालून दाखवणारे हौशी अभ्यासक युरोपात बरेच आहेत. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यात १९७२ साली सुरू झालेली 'एर्माइन स्ट्रीट गार्ड' ही त्यांतील जुनी आणि नावाजलेली मंडळी. जर्मनीतील इतिहासकार मार्कुस युंकेलमान यांनी तर १९८५ साली काही साथीदारांसह रोमन पोशाखात, पाठीवर रोमन ओझे घेऊन, इटलीतील वेरोनापासून आल्प्स ओलांडून जर्मनीतील आउग्सबुर्गपर्यंत पायी प्रवास केला. पायताण कुठे चावते आणि ओझे कुठे रुतते, हे ग्रंथालयात बसून कळत नाही, अशी त्यांची भूमिका.

ही माणसे पुरावा कसा गोळा करतात ते पाहण्यासारखे आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द ही प्रमाणे आम्ही घोकली होती. इथे तीच कामाला येतात. जमिनीतून निघालेली वस्तू हे प्रत्यक्ष. त्या काळच्या लेखकांनी लिहून ठेवले ते शब्द. दगडावर कोरलेल्या शिपायांच्या आकृतींवरून आपण जे ताडतो ते अनुमान. यांतले एकटे कोणतेच पुरत नाही.

एक उदाहरण घेऊ. १९६४ साली उत्तर इंग्लंडमधील कॉर्ब्रिज येथे उत्खननात एक लाकडी पेटी सापडली. तिच्यात लोखंडी पट्ट्यांच्या चिलखताचे भाग आणि शिपायांची अवजारे होती. चामडे कुजून गेले होते, लोखंड गंजून एकमेकांना चिकटले होते. लंडनच्या टॉवरमधील शस्त्रागाराचे जाणकार रसेल रॉबिन्सन यांनी या अवशेषांवरून ते चिलखत पुन्हा जोडून दाखवले. पट्ट्या आतून चामड्याच्या वाद्यांवर रिव्हेटने कशा बसवल्या होत्या हे तेव्हा स्पष्ट झाले. आज आपण चित्रांत पाहतो ते पट्टेदार चिलखत हेच. त्याला 'लोरिका सेगमेंटाटा' म्हणतात; पण हे नाव रोमन लोकांचे नव्हे, ते सोळाव्या शतकातल्या विद्वानांनी दिले आहे.

दगडातले शिपाई मात्र जपून पाहावे लागतात. रोममध्ये इ. स. ११३ मध्ये उभारलेल्या त्रायान सम्राटाच्या स्तंभावर शेकडो शिपाई कोरले आहेत. तिथे रोमन नागरिक असलेले शिपाई पट्टेदार चिलखतात आणि साहाय्यक तुकड्यांतले शिपाई कड्यांच्या चिलखतात दिसतात. फरक इतका नीटनेटका, की शाळेच्या गणवेशासारखा वाटावा. पण त्याच युद्धाच्या स्मरणार्थ आजच्या रुमानियातील अदामक्लिसी येथे जे स्मारक उभे राहिले, त्यावर नागरिक शिपाईसुद्धा कड्यांच्या आणि खवल्यांच्या चिलखतात आहेत. रोममधल्या शिल्पकाराने पाहणाऱ्याला चटकन ओळखता यावे म्हणून गोष्ट सोपी केली असावी. आपल्या चर्चमधल्या क्रूसाच्या वाटेच्या चित्रांचेही असेच आहे. चित्रकाराने आपल्या काळाला ओळखू येईल असा शिपाई रंगवला. त्याची भक्ती खरी, पोशाख त्याच्या मनातला.

शिपाई नेमका कोणता?

या हौशी मंडळींचा पहिला नियम असा: 'रोमन शिपाई' असे काही नसते. कोणत्या सालचा, कोणत्या प्रांतातला, कोणत्या तुकडीतला हे आधी ठरवा, मगच सुईदोरा हातात घ्या. रोमचे सैन्य शेकडो वर्षे टिकले. शिवाजी महाराजांचा मावळा आणि आजचा जवान यांना एकच पोशाख घालण्यासारखे ते होईल.

आपला शिपाई इ. स. ३० च्या आसपासचा, यहुदिया प्रांतातला, पिलाताच्या हाताखालचा. पिलाताविषयी आपल्याकडे दगडी पुरावा आहे. १९६१ साली कैसरिया येथील रोमन नाट्यगृहाच्या उत्खननात एक शिला मिळाली. तिच्यावर पिलाताचे नाव आणि 'यहुदियाचा प्रीफेक्ट' हा त्याचा हुद्दा लॅटिनमध्ये कोरलेला आहे. या हुद्द्याच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली रोमन नागरिकांची मोठी पलटण, म्हणजे लीजन, नसे. त्या पलटणी शेजारच्या सीरिया प्रांताच्या सुभेदाराकडे होत्या. ज्या दहाव्या लीजनचे नाव जेरुसलेमशी जोडले जाते, ती शहराच्या वेढ्यासाठी इ. स. ७० मध्ये आली आणि मग तिथे राहिली. येशूच्या मरणानंतर सुमारे चाळीस वर्षांनी.

मग पिलाताकडे कोण होते? साहाय्यक तुकड्या. यहुदी इतिहासकार योसेफस सांगतो की इ. स. ४४ मध्ये राजा अग्रिप्पा मरण पावला तेव्हा तिथे कैसरिया आणि सेबास्ते या शहरांच्या लोकांचे एक घोडदळ आणि पाच पायदळ तुकड्या होत्या. सेबास्ते म्हणजे जुने शोमरोन नगर. मोठ्या हेरोदाने ते नव्याने बांधले, त्याला सम्राट औगुस्त याच्या नावावरून नाव दिले आणि तिथे आपले जुने शिपाई वसवले. हेरोदाच्या घराण्याची सत्ता गेल्यावर त्याचे सैन्य रोमनांनी आपल्याकडे घेतले, असे इतिहासकार मानतात. येशूने चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगितली ती माणसे आणि हे शिपाई अगदी एक नव्हेत. सेबास्तेची वस्ती मिश्र, ग्रीक वळणाची आणि बऱ्याच अंशी मूर्तिपूजक होती. पण मुलूख तोच. जेरुसलेमपासून दोन-तीन दिवसांच्या चालीवरचा.

प्रत्येक शिपाई तिथलाच होता असे मात्र म्हणता येणार नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायात कर्नेल्य नावाच्या शताधिपतीची तुकडी 'इटालियन' म्हटली आहे. वरचे अधिकारी बाहेरचे असत. पण साधा शिपाई बहुतेक आसपासच्या शहरांतला होता. याला एक बोलका पुरावा खुद्द पिलाताच्या कारकिर्दीतला आहे. जेरुसलेमला पाणी आणण्याच्या कामासाठी त्याने मंदिराच्या खजिन्याला हात घातला आणि लोक खवळले. तेव्हा त्याने शिपायांना साध्या कपड्यांत, झग्याखाली सोटे लपवून गर्दीत पेरले, असे योसेफस लिहितो. खूण मिळताच त्यांनी लोकांना झोडपले. आता विचार करा, ते शिपाई इटलीतून आलेले परके असते, तर त्या गर्दीत मिसळून गेले असते का? गणवेश उतरवला की ते शेजाऱ्यांसारखेच दिसत होते.

अंगरखा आणि त्याची किंमत

पोशाख आतून बाहेर असा बघू. सर्वांत आत अंगरखा. लोकरीचा किंवा लिननचा, अंगापेक्षा बराच रुंद, जवळजवळ पोत्यासारखा. कमरेला पट्टा बांधून तो गुडघ्याच्या थोडा वर ओढून घेत. रंग लालच होता का, यावर जाणकार अजून वाद घालतात. पण इजिप्तमध्ये मिळालेल्या इ. स. १३८ च्या एका कागदपत्रात विणकरांना सैन्यासाठी पांढरे अंगरखे विणायची मागणी दिली आहे. तेव्हा पांढरा किंवा लोकरीच्या मूळ रंगाचा अंगरखा केला तर चुकणार नाही. आपल्या महिला मंडळाला हे काम एका दुपारचे आहे. दोन मोठे चौकोनी कापडाचे तुकडे, खांद्यावर आणि बाजूला शिवण, मान व हात घालायला जागा, एवढेच.

पण या साध्या कापडाची शिपायाला काय किंमत पडत होती ते पाहा. इस्राएलमधील मसादा किल्ल्याच्या उत्खननात एका रोमन शिपायाच्या पगाराचा हिशोब मिळाला. पपायरसवर लिहिलेला हा हिशोब इ. स. ७० नंतरच्या काही वर्षांतला आहे. एका हप्त्याचे ५० दिनार त्याच्या नावे जमा आहेत आणि लगेच कपाती सुरू होतात. पायताण ५ दिनार. चामड्याच्या वाद्या २ दिनार. लिननचा अंगरखा ७ दिनार. बाकीचे जव आणि अन्न यांपोटी. हातात काय उरले असेल ते आपल्यातल्या पगारदारांना सांगायला नको.

द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मजुराची दिवसाची मजुरी एक दिनार आहे. म्हणजे एक अंगरखा हा मजुराच्या आठवडाभराच्या कष्टाचा. आता योहानाच्या शुभवर्तमानातील एकोणिसावा अध्याय उघडा. चार शिपाई येशूच्या वस्त्रांचे चार वाटे करतात आणि बिनशिवणीचा अंगरखा न फाडता त्यावर चिठ्ठ्या टाकतात. लहानपणापासून आम्ही हा प्रसंग क्रूर खेळ म्हणून ऐकत आलो. क्रूरपणा त्यात आहेच. एक माणूस डोक्यावर तडफडत असताना खाली त्याच्या कपड्यांचा हिशोब चालू आहे. पण हे करणारे राक्षस नव्हते. पगारातून सात दिनार कापले जाणारे ते गरीब नोकर होते, आणि चांगले कापड फाडून वाया घालवू नये एवढा व्यवहार त्यांना कळत होता. योहान या प्रसंगात स्तोत्रसंहितेचे वचन पूर्ण झालेले पाहतो. वचन पूर्ण करणाऱ्या हातांना त्याचा पत्ताही नव्हता.

पट्टा, चिलखत, ढाल

अंगरख्यावर पट्टा. पितळी तुकडे जडवलेला, बक्कल लावलेला. तरवार आणि खंजीर यालाच लटकत. शिपाई चिलखत घालो न घालो, पट्ट्यावरून तो शिपाई म्हणून ओळखला जाई. सम्राट औगुस्त काही चुकांबद्दल शिपायांना सेनापतीच्या तंबूसमोर दिवसभर उभे राहण्याची शिक्षा देई, कधी नुसत्या अंगरख्यात, पट्ट्याविना, असे चरित्रकार सुएतोनियस लिहितो. पट्टा नाही म्हणजे मान नाही. संत पौल इफिसकरांना लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात देवाच्या शस्त्रसामग्रीचे वर्णन करताना सर्वांत आधी कमरपट्टा घेतो आणि तो सत्याचा आहे असे म्हणतो. पौलाच्या मनात यशया संदेष्ट्याचे शब्द होते हे खरे. पण ते पत्र तो बेड्यांत असताना लिहितो असे त्याच अध्यायात सांगितले आहे, आणि रोममध्ये तो एका पहारेकऱ्याच्या सोबत राहत होता हे प्रेषितांच्या कृत्यांवरून कळते. शिपाई रोज सकाळी पहिल्यांदा काय बांधतो हे त्याने डोळ्यांनी पाहिले असणार.

पट्ट्याचा आणखी एक उपयोग चिलखत घालून पाहिल्यावरच कळतो. आपल्या शिपायाचे चिलखत कड्यांचे, म्हणजे एकमेकांत गुंफलेल्या हजारो लोखंडी कड्यांचा सदरा. त्याचे वजन दहा किलोच्या आसपास. नुसते घातले तर सगळा भार खांद्यांवर येतो. पट्टा घट्ट आवळला की निम्मे ओझे कमरेवर उतरते. पाणी भरणाऱ्या आपल्या आयाबायांना हे युद्धशास्त्र फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

ढालीबद्दल मोठा गैरसमज आहे. चित्रांत दिसणारी लाल, चौकोनी, पन्हळीसारखी वाकवलेली ढाल लीजनच्या शिपायाची. तशी एक ढाल सीरियात युफ्रेटिस नदीकाठच्या दुरा-युरोपोस येथे १९३० च्या दशकात मिळाली आणि ती अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. पण ती तिसऱ्या शतकातली. साहाय्यक शिपायाची ढाल बहुधा सपाट आणि लंबगोल होती. इजिप्तच्या फयूम भागात १९०० साली एक लंबगोल ढाल मिळाली होती. लाकडाच्या पातळ पट्ट्यांचे तीन थर आडवे-उभे चिकटवून, वर लोकरीचा नमदा चढवलेला. आजच्या भाषेत प्लायवूडच. त्यामुळे आपल्या सुतारबांधवांना परकीय वाटावे असे तिच्यात काही नाही. पौलाने त्या पत्रात ढालीसाठी वापरलेला ग्रीक शब्द 'दार' या शब्दावरून आला आहे. मोठी, दारासारखी ढाल, जिच्यामागे सगळे अंग झाकले जाते. विश्वासाला त्याने ती उपमा दिली.

शिरस्त्राण पितळी किंवा लोखंडी, मानेमागे पन्हळ आणि गालांवर दोन झडपा. उभा तुरा रोजच्या पहाऱ्याला घालत नसावेत; तो काढूनच ठेवा. आडवा, या कानापासून त्या कानापर्यंतचा तुरा फक्त शताधिपतीला. मनगटाच्या चामडी पट्ट्यांना तर काहीच आधार नाही, ते चित्रपटवाल्यांनी दिले. चामड्याच्या छातीच्या कवचाचेही तसेच. हात सरळ पुढे ताणून केलेला तो प्रसिद्ध 'रोमन सलाम' सुद्धा रोमन पुराव्यात सापडत नाही. १७८४ सालच्या एका फ्रेंच चित्रातून तो रंगभूमीवर आणि चित्रपटांत आला आणि पुढे नको त्या लोकांनी उचलला. आपल्या नाट्यात तो मुळीच नको. आणि भाषेचे म्हणाल, तर २००४ च्या 'द पॅशन ऑफ द ख्राईस्ट' मध्ये शिपाई लॅटिन बोलतात. सेबास्तेचे शिपाई आपसांत ग्रीक किंवा अरामीच बोलत असावेत. आपण मराठी बोलतो तेच बरे.

राजा म्हणून थट्टा

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. शिपायांनी येशूला लाल झगा पांघरला, काट्यांचा मुगूट घातला, हाती वेत दिला आणि यहुद्यांचा राजा म्हणून गुडघे टेकले. मत्तयाने झग्यासाठी वापरलेला शब्द शिपायाच्या खांद्यावरच्या छोट्या झग्याचा आहे. मार्क आणि योहान त्याला जांभळा म्हणतात. राजाचा जांभळा झगा चौकीवर कुठून येणार? शिपायाचाच, विटलेला लाल झगा जांभळ्याच्या जागी वापरला, असा याचा साधा अर्थ लावता येतो.

थट्टेचा रोख बघा. खरोखर रोमहून आलेल्या शिपायाला यहुद्यांच्या राजाचे एवढे वैर का असावे? पण कैसरिया-सेबास्तेच्या माणसाला ते होते. योसेफस सांगतो, की यहुद्यांचा राजा अग्रिप्पा इ. स. ४४ मध्ये वारला तेव्हा या दोन्ही शहरांच्या लोकांनी मेजवान्या केल्या आणि शिपायांनी त्याच्या मुलींचे पुतळे उचलून नेऊन त्यांची घाणेरडी विटंबना केली. सम्राट क्लौद्य इतका चिडला की त्याने या तुकड्या दूर काळ्या समुद्राकडे पाठवायचा हुकूम दिला. शिपायांनी विनवण्या करून तो टाळला. चौदा-पंधरा वर्षे आधी पिलाताच्या अंगणात जी थट्टा झाली, ती याच तुकड्यांच्या माणसांनी केली असेल तर तिच्यात नवल काही नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजारचा आकस होता. समोर जो माणूस होता तो त्यांनी पाहिलाच नाही. त्यांना फक्त 'त्यांच्यातला एक' दिसला.

शतकानुशतके ख्रिस्ती लोकांनी दुःखसहनाची कथा ऐकून यहुदी समाजावर सूड उगवला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रात स्पष्ट केले, की येशूच्या मरणाचा दोष त्या वेळच्या सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर लादता येत नाही. मग आपण तो चकचकीत पत्र्यातल्या 'रोमन' वर लादून मोकळे होतो. दूरचा, लोखंडी, आपल्यासारखा मुळीच नसलेला माणूस. ड्रेसवाल्याच्या पोशाखाबद्दल आमची तक्रार आहे ती ही. तो चुकीचा आहे एवढेच नव्हे, तो सोयीचा आहे. गावातल्या दुसऱ्या आळीबद्दल, दुसऱ्या भाषेच्या भाडेकरूंबद्दल, बाहेरून पोटासाठी आलेल्या मजुरांबद्दल आपल्या घरांत चहाच्या कपावर जी वाक्ये बोलली जातात, त्यांच्या आवाजाशी त्या अंगणातल्या हशाचा आवाज जुळतो की नाही, हे लघु ख्रिस्ती समूहांच्या बैठकीत विचारून पाहावे.

त्याच शिपायांपैकी एकाने तहानलेल्या येशूच्या ओठांना आंब लावली. आंब म्हणजे शिपायांचेच रोजचे पेय, आंबट द्राक्षारस. कुणी थट्टेने दिली असेल, कुणी दयेने. शुभवर्तमाने दोन्हीला वाव ठेवतात. आणि त्यांच्याच शताधिपतीच्या तोंडून मार्काच्या शुभवर्तमानात येशू देवाचा पुत्र असल्याची कबुली येते. ज्याने भाला मारला त्याला परंपरेने संत लाँगिनस हे नाव दिले, ते भाल्याच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. रोममधील संत पेत्राच्या मंदिरात घुमटाखाली बर्निनीने घडवलेला त्याचा भव्य पुतळा आहे.

आता कामाचे बोलू

सहा पोशाखांऐवजी चारच करावेत. योहान चारच शिपाई सांगतो. शताधिपती पाचवा. ऱ्हाईन नदीकाठी मिळालेल्या त्याच शतकातल्या शिपायांच्या थडग्यांवर बरेच शिपाई चिलखताविना, नुसता अंगरखा, पट्टा, झगा आणि शस्त्रे अशा वेषात कोरलेले आहेत. पहाऱ्यावरच्या शिपायाला तो वेष शोभतो. तेव्हा चिलखत फक्त दोघांना दिले तरी चालेल. जाड सुती दोऱ्याचे विणकाम करून त्यावर चंदेरी रंग मारला की दुरून कड्यांचे चिलखत दिसते. खऱ्या लोखंडाचे हवेच असेल, तर गंमत अशी की जगभरच्या या हौशी मंडळींना लागणारी शिरस्त्राणे, चिलखते आणि तरवारी मोठ्या प्रमाणात आपल्याच देशात, देहरादून आणि मेरठकडे, तयार होऊन परदेशी जातात. विकत घेणारे मात्र सांगतात की स्वस्त मालात पत्रा जाड आणि घडण ढोबळ असते, म्हणून पाहूनच घ्यावे. आमचे मत विचाराल तर यंदा एक शिरस्त्राण घ्यावे आणि बाकी सर्व घरी करावे. अंगरखे, पट्टे, ढाली आणि झगे मिळूनही खर्च भाड्यापेक्षा कमीच येईल.

तरवारीला आणि भाल्याला धार अजिबात नको. लाकडाचे पाते चंदेरी रंगवावे. मारण्याच्या प्रसंगात उत्साहाच्या भरात येशूची भूमिका करणाऱ्याला खरेच लागते, तेव्हा फटका जमिनीवर बसेल असे अंतर तालमीत ठरवून घ्यावे.

पायताणाबद्दल एक सूचना. रोमन शिपायाच्या पायताणाच्या तळाला लोखंडी खिळे ठोकलेले असत. चालताना त्यांचा आवाज येई आणि तळ झिजत नसे. आपल्या कोल्हापुरी पायताण करणाऱ्याला चित्र दाखवले तर तो वरचा भाग सहज करून देईल. पण खिळे फक्त अंगणातल्या प्रयोगासाठी. इ. स. ७० मध्ये जेरुसलेमच्या मंदिराच्या अंगणात युलियान नावाचा एक शूर शताधिपती एकटाच शत्रूवर धावून गेला, आणि खिळ्यांचे पायताण गुळगुळीत फरशीवर सटकून पडला. पडल्यावर त्याला घेरून मारण्यात आले, असे योसेफस लिहितो. आपल्या चर्चची फरशी त्याहून गुळगुळीत आहे.

झग्यांना मंजिष्ठेसारखा विटका लाल रंग द्यावा, एकसारखा नको. आणि थट्टेच्या प्रसंगासाठी येशूचा वेगळा झगा आणू नये. चौघांपैकी एकाने स्वतःच्या खांद्यावरचा काढून त्याला पांघरावा, आणि तो परत येईपर्यंत तसेच उभे राहावे. मोजमापे घेण्यासाठी शिपाई होणाऱ्या मुलांनी पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर सभागृहात थांबावे. शिलाई मशीन ज्यांच्या घरी आहे त्यांनीही यावे.